एक कल्पना, तीन देश: औषधधोरणांचा इतिहास

१/ #थ्रेड
१९७०च्या दशकात दक्षिण आशियातील औषधबाजारात हजारो व्यापारी नावे होती. गरीब रुग्णाच्या खिशाला परवडणारी त्यांत थोडीच. आवश्यक औषधांची छोटी यादी करावी आणि ती मूळ नावाने, स्वस्तात मिळावीत, हा विचार श्रीलंका, भारत व बांगलादेश या तिन्ही देशांत झाला. त्याचे भवितव्य मात्र तिन्हीकडे निराळे ठरले.

२/ सुरुवात श्रीलंकेपासून. औषधशास्त्राचे प्राध्यापक सेनक बिबिले आणि डॉ. एस. ए. विक्रमसिंघे यांनी १९७१ मध्ये सिरिमावो बंदरनायके सरकारला अहवाल दिला. त्यातून सरकारी औषध महामंडळ उभे राहिले आणि बिबिले त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

३/ बिबिले यांचे सूत्र साधे होते. अनेक आयातदारांऐवजी साऱ्या देशासाठी एकच खरेदीदार असावा, त्याने जगभरातून निविदा मागवाव्यात आणि गुणवत्ता तपासून स्वस्त माल घ्यावा. एकच रसायन निरनिराळ्या नावांनी किती चढ्या भावाने विकले जात होते, हे या निविदांनी उघड केले.

४/ १९७७ मध्ये सत्तांतर झाले, खुले आर्थिक धोरण आले आणि आयात पुन्हा खासगी व्यापाऱ्यांना मोकळी झाली. त्याच वर्षी गयाना येथे बिबिले यांचे निधन झाले. महामंडळ टिकले, पण त्याचा एकाधिकार संपला.

५/ भारताने खरेदीऐवजी उत्पादनावर भर दिला. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. १९७०च्या पेटंट कायद्याने औषधावरील पेटंट रद्द करून केवळ प्रक्रियेवरील पेटंट ठेवले. तेच औषध वेगळ्या प्रक्रियेने बनवणे कायदेशीर ठरले आणि देशी कारखानदारी फोफावली.

६/ १९७५ मध्ये जयसुखलाल हाथी समितीने पुढचे पाऊल सुचवले: ११७ आवश्यक औषधांची यादी आणि व्यापारी नावांचे टप्प्याटप्प्याने उच्चाटन. किंमत नियंत्रण आले, नावे मात्र हटली नाहीत. पेटंट कायदा देशी उद्योगाच्या हिताचा होता. नावे हटवणे त्याच उद्योगाच्या नफ्यावर घाव घालणारे होते.

७/ बांगलादेशात मार्च १९८२ मध्ये जनरल इर्शाद यांनी सत्ता बळकावली. प्रा. नुरुल इस्लाम यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली गेली. गणस्वास्थ्य केंद्राचे डॉ. जफरुल्ला चौधुरी तिचे सदस्य होते. जूनमध्ये वटहुकूम निघाला. १५० आवश्यक औषधांची यादी ठरली. निरुपयोगी, घातक वा अनावश्यक अशी सुमारे १,७०० उत्पादने बाजारातून काढण्याचा आदेश झाला.

८/ जीवनसत्त्वे, आम्लपित्तावरील औषधे अशी सोपी उत्पादने देशी कंपन्यांसाठी राखून ठेवली गेली. अमेरिकेसह पाश्चात्त्य देशांकडून दबाव आला, आरंभी देशी उद्योगातूनही विरोध झाला. काही सवलती द्याव्या लागल्या, तरी धोरणाचा कणा शाबूत राहिला. पुढे देशी कंपन्याच त्याच्या लाभार्थी झाल्या.

९/ येथे एक तुलना उद्बोधक ठरते. याच राजवटीने १९९० मध्ये आरोग्यधोरण आणले. सरकारी डॉक्टरांच्या खासगी व्यवसायावर त्यात निर्बंध होते. डॉक्टरांची संघटना विरोधात उतरली आणि डिसेंबरमध्ये इर्शाद यांच्यासोबत ते धोरणही गेले. औषधधोरण मात्र इर्शाद गेल्यानंतरही तगले.

१०/ धोरण शास्त्रशुद्ध असणे पुरेसे नव्हते. ते टिकण्यात कोणाचा तरी स्वार्थ असावा लागला. श्रीलंकेत पाठीशी उभा राहील असा मोठा देशी उद्योग नव्हता. बांगलादेशात तो घडत गेला. भारतात तो होता, पण त्याने सोयीचा अर्धाच भाग स्वीकारला.

११/ या हिशेबात रुग्णाचा आवाज कुठेच नव्हता. बांगलादेशचा वटहुकूमही लष्करी कायद्याखाली, संसदेविना निघाला. भारतात मूळ नावाची औषधे विकणारी जनऔषधी दुकाने २००८ मध्ये सुरू झाली. हाथी समितीच्या अहवालाला तेव्हा ३३ वर्षे झाली होती.