उत्तर : शून्य ओळी. एसक्यूएलमधील रिकाम्या रकान्याचा इतिहास

१/ एका ग्रंथालयाचा डेटाबेस कल्पावा. त्यात ‘सभासद’ आणि ‘देवघेव’ असे दोन तक्ते आहेत. एकही पुस्तक न नेलेले सभासद शोधायचे आहेत. ज्यांचा क्रमांक देवघेवीत नाही, म्हणजे ‘नॉट इन’, अशी सरळ क्वेरी लिहिली जाते. असे सभासद अनेक असूनही उत्तर येते : शून्य ओळी. चुकीचा संदेशही उमटत नाही. या मौनाचे मूळ १९७० च्या दशकात आहे.

२/ तत्पूर्वी डेटाबेसमधील माहिती वृक्षासारख्या किंवा जाळ्यासारख्या रचनेत साठवली जाई. अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांच्या नोंदींसाठी घडलेली आयबीएमची ‘आयएमएस’ ही प्रणाली वृक्षरचनेची होती. हवी ती नोंद गाठण्याची वाट प्रोग्रामरनेच शोधायची. चार्ल्स बाकमन यांनी १९७३ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात प्रोग्रामरला ‘नॅव्हिगेटर’ म्हटले, ते याच अर्थाने.

३/ ही वाटाड्याची भूमिका अनावश्यक ठरवली ती एडगर कॉड यांनी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक असलेले हे गणिती पुढे आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत रुजू झाले. जून १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी सर्व माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याचे रिलेशनल मॉडेल सुचवले. काय हवे ते माणसाने सांगावे. कसे मिळवायचे ते यंत्राने ठरवावे.

४/ कॉड यांची भाषा मात्र गणिताची होती. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये इंग्रजी वाक्यासारखी वाचता येणारी ‘सीक्वेल’ ही भाषा मांडली. त्याच वर्षी बॉइस यांचे तरुण वयातच निधन झाले. ‘सीक्वेल’ हे दुसऱ्या कंपनीचे व्यापारचिन्ह निघाल्याने पुढे नाव झाले एसक्यूएल. १९८६ मध्ये ती अमेरिकेची प्रमाणित भाषा ठरली.

५/ एक प्रश्न उरला होता : माहितीच नसेल तर? रिकाम्या रकान्यासाठी ‘नल’ ही खूण आली. नल म्हणजे शून्य नव्हे, कोरा मजकूरही नव्हे. १९७९ च्या निबंधात कॉड यांनी यासाठी त्रिमूल्य तर्क मांडला : सत्य, असत्य आणि अज्ञात. एसक्यूएलनेही हीच वाट धरली. तिथे नलशी केलेली कोणतीही तुलना ‘अज्ञात’ ठरते. नलची नलशी केलेलीसुद्धा.

६/ आता ग्रंथालयाकडे परतू. देवघेवीतील एकाच नोंदीत सभासद क्रमांक नल आहे. ‘नॉट इन’ प्रत्येक सभासदाचा क्रमांक यादीतील प्रत्येक क्रमांकाहून वेगळा आहे का, हे तपासते. नलपाशी उत्तर मिळते ‘अज्ञात’. एसक्यूएल केवळ ‘सत्य’ ठरलेल्या ओळीच देते. म्हणून पुस्तक न नेलेले सारेच सभासद गळतात.

७/ दोष शोधण्याची रीत इथूनच निघते. आतली क्वेरी आधी स्वतंत्र चालवावी. ‘= नल’ न लिहिता ‘इज नल’ लिहून रिकामे रकाने मोजावेत. ‘नॉट इन’ऐवजी ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरावे. ते केवळ जुळणारी ओळ आहे की नाही एवढेच पाहते, त्यामुळे एखाद्या नलने उत्तर बिघडत नाही.

८/ नलचा वाद मिटलेला नाही. रिलेशनल मॉडेलचा आयुष्यभर प्रसार करणारे ख्रिस डेट नल काढूनच टाकावे या मताचे. कॉड यांनी मात्र पुढे ‘अज्ञात’ आणि ‘गैरलागू’ अशा दोन वेगळ्या खुणा सुचवल्या. एसक्यूएलमध्ये एकच नल टिकला. वाट शोधण्याचे काम यंत्राने घेतले. पण रिकाम्या रकान्याचा अर्थ ठरवण्याचे काम आजही क्वेरी लिहिणाऱ्याकडेच आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला हे नवे नाही : दप्तरात नोंद नसणे म्हणजे घटना न घडणे नव्हे.