झाशीच्या वेढ्यातली भाजी

एका हिंदी आत्मकथनाचा अनुवाद करताना मी ‘कछवारा’ या शब्दापाशी अडले. कोशातला अर्थ सरळ आहे: काछी ज्यात भाजीपाला पिकवतो ते शेत. काछी ही बुंदेलखंडातली भाजी पिकवणारी जात. आज त्यांतले बरेचजण कुशवाहा असं आडनाव लावतात. मराठीत ‘मळा’ लिहिलं की ऊस-हळद डोळ्यांपुढे येते, ‘वाडी’ म्हटलं की नारळी-पोफळी. ‘परसबाग’ घरामागे असते आणि घरापुरती असते. कछवारा गावाला खेटून असतो, विहिरीवर जगतो आणि दुसऱ्यांच्या ताटात भाजी घालतो. शेवटी ‘भाजीमळा’ लिहून मी पुढे गेले. शब्द मात्र खुपत राहिला.

पुढच्या हिवाळ्यात झाशीला जाणं झालं. जुन्या शहरात, तटाच्या आत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबात उतरले होते. त्यांचे पूर्वज नेवाळकरांच्या काळात इकडे आले. नेवाळकर मूळ रत्नागिरीकडचे. त्यांच्याही आधी, १७४२ साली, पेशव्यांचा सुभेदार नारो शंकर इथे आला, त्याने किल्ला वाढवला आणि पायथ्याशी वस्ती बसवली. शहराभोवतीचा तट पुढे शिवराव भाऊंच्या कारकिर्दीतला. त्याच्या दरवाज्यांना ओरछा, दतिया, उन्नाव, भांडेर अशी आसपासच्या गावांची नावं आहेत. (हे उन्नाव दतियाजवळचं, सूर्यमंदिराचं, कानपूरजवळचा जिल्हा नव्हे.)

तट धान्य राखू शकतो. ज्वारी, हरभरा, गूळ, तूप कोठारात भरून महिनोन्‌महिने दरवाजे लावून बसता येतं. मेथीची जुडी मात्र दुसऱ्या दिवशी मान टाकते. त्यामुळे तटबंदीच्या शहराला भाजीसाठी रोज सकाळी दरवाजा उघडावाच लागतो. झाशीची जमीन त्यातून अवघड. किल्ला खडकाळ टेकडीवर, भोवती बरीचशी ‘राकड’ म्हणजे खडेमिश्रित, उथळ, पाणी न धरणारी माती. भाजी पिकते ती विहिरीच्या किंवा तळ्याच्या आसऱ्याने. तिथेही विहिरीवर रहाट असायचा. कोकणातून आलेल्या माणसाला तो शब्द शिकावा लागला नसेल, कोकणातल्या वाड्याही रहाटानेच शिंपल्या जात.

१८५८च्या वेढ्याबद्दल आपण शाळेपासून वाचतो. सर ह्यू रोज २१ मार्चला झाशीपुढे आला, १ एप्रिलला बेटवेकाठी तात्या टोप्यांचा पराभव झाला, ३ एप्रिलला इंग्रज शहरात घुसले. रोजच्या मोहिमेच्या इंग्रजी हकिकतींत आणखी एक गोष्ट येते आणि वाचताना आपण ती ओलांडून जातो. राणीने शहराभोवतीचा मुलूख आधीच उजाड करून ठेवला होता. वेढा घालणाऱ्यांना गवताची काडी मिळू नये, झाडाची सावली मिळू नये, हा हेतू. युद्धशास्त्राप्रमाणे हे बरोबरच होतं. मराठी चरित्रांतही तो दूरदृष्टीचा पुरावा म्हणून येतो आणि मीही तो तसाच वाचत आले होते. ‘कछवारा’ हा शब्द हातात असताना ते वाक्य पुन्हा वाचलं तेव्हा ‘मुलूख’ हा शब्द मला फार मोघम वाटू लागला. शहराभोवतीचा मुलूख म्हणजे शहराचंच ताट. दिवस चैत्राचे होते. पाडवा मार्चच्या मध्यालाच होऊन गेला होता. रब्बी निघण्याचा आणि काकडी-खरबुजाच्या वेलांनी जोर धरण्याचा हा हंगाम.

आणि तरी डाव साधला नाही. कारण त्याच हकिकती पुढे सांगतात की इंग्रज फौजेला गवत, सरपण आणि भाजीपाला शेवटपर्यंत मुबलक मिळत राहिला. तो पुरवला शिंद्यांनी आणि टेहरीच्या राजाने. टेहरी म्हणजे गढवालची नव्हे. ओरछा राज्याची तेव्हाची राजधानी, आजचं टीकमगढ. ओरछेकरांचं कारण समजण्यासारखं आहे. चारसहा महिन्यांपूर्वीच त्यांचा दिवाण नथे खान झाशीवर चालून आला होता आणि राणीने त्याला परतवलं होतं. शिंद्यांचं राजकारण वेगळं, आणि त्यावर मराठीत भांडणं पुष्कळ झाली आहेत. मला त्या भांडणात भाजीचा उल्लेख कुठे आढळला नाही. तोफा ओढणाऱ्या जनावरांना गवत लागतं आणि मार्चअखेरीच्या उन्हात तोफा डागणाऱ्या गोऱ्यांना जेवायला लागतं. तटाच्या आत साठवलेलं धान्य आणि बाहेर छावणीत रोज येणारी ताजी भाजी अशी ती लढाई होती. ती त्या बाजूनेही पाहायला हवी.

आतली बाजू आपल्याला सांगतो तो पेणजवळच्या वरसईचा एक भिक्षुक. विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि वेढ्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. अमृतलाल नागरांनी तो हिंदीत नेला. अनुवादक म्हणून मला या पुस्तकाचं अप्रूप आहे, कारण लेखकाचं लक्ष सतत खाण्यापिण्याकडे, दक्षिणेकडे आणि स्नानसंध्येकडे असतं. इतिहासकाराला हे गाळावंसं वाटेल, पण शहर कशावर जगत होतं ते त्यातूनच कळतं. झाशीतल्या चैत्रातल्या हळदीकुंकवाचं वर्णन त्यांनी केलं आहे. चैत्रातलं हळदीकुंकू म्हटलं की मराठी वाचकाला आंबेडाळ आणि पन्हं आठवणारच. त्याला कैरी लागते, आणि कैरी कोठारात नसते, झाडावर असते. पुढे शहर पडल्यावरची लूटही ते सांगतात. ती सोन्यानाण्यावर थांबली नाही. भांडी, कापड आणि शेवटी धान्यावरही गेली. साठवलेलं होतं तेही गेलं.

त्यानंतरची पंचवीसेक वर्षं विचित्र आहेत. १८६१ साली शहर आणि किल्ला शिंद्यांकडे दिला गेला, इंग्रजांनी शेजारी आपली ‘झाशी नवाबाद’ वसवली, आणि १८८६ साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात शहर परत घेतलं. म्हणजे जुनं शहर आणि शेजारची इंग्रजी वस्ती दोन वेगळ्या अमलांखाली. मग रेल्वे आली, कारखाना आला, रेल्वे कॉलनी आली. खाणारी तोंडं वाढली तशी भाजी दुरून येऊ लागली.

सिपरी बाजारात मी भाजी घेत होते. मी मराठी आहे हे कळल्यावर एका म्हाताऱ्या बाईंनी कांदा नाशिकचा असल्याचं आवर्जून सांगितलं. मला झाशीचं काहीतरी हवं होतं. त्यांनी वांगी पुढे केली. तिकडे वांग्याला ‘भटा’ म्हणतात. कछवारा कुठे आहे, असं विचारल्यावर हसून म्हणाल्या, “बिन्नू, कछवारो तो कॉलोनी में चलो गओ.” त्यांच्या सासऱ्यांच्या विहिरीवर आता तिमजली घर आहे. वांगी त्या मंडीतून विकत आणतात आणि पुन्हा विकतात.

जानेवारी २०२१मध्ये झाशीत स्ट्रॉबेरी महोत्सव झाला. कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या एका मुलीने आधी घरी आणि मग शेतात स्ट्रॉबेरी लावून दाखवली होती. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तिचं कौतुक केलं आणि गच्चीवरच्या बागेची चर्चा शहरात सुरू झाली. मला त्याचा आनंद आहे. महाबळेश्वरच्या फळाने बुंदेलखंडात रुजावं हे नवलच. पण स्ट्रॉबेरीची बातमी होते आणि पालकाची होत नाही, एवढं मनात आलं. शिवाय गच्ची ज्याची त्याची असते. काछ्याची विहीर गेली, ती गच्चीवर येत नाही. आता शहरात केंद्रीय कृषी विद्यापीठ आहे, गवत आणि चाऱ्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था तर १९६२पासून आहे. वेढ्यातल्या गवताची गोष्ट वाचल्यापासून तिची पाटी दिसली की मी थांबते.

मी उतरले होते त्या घरच्या काकूंनी गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत कढीपत्ता, मेथी, मिरच्या लावल्या आहेत आणि एका फुटक्या टबात अळू. “मंडीत अरबीचे पान मिळतात गं,” त्या त्यांच्या झाशीच्या मराठीत म्हणाल्या, “पण ते खाजतात.” उन्हाळ्यात नळाचं पाणी या टबापर्यंत पोचत नाही. तेव्हा तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी भांडंभर बाजूला ठेवायचं आणि संध्याकाळी वर न्यायचं, हा त्यांचा रहाट. खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाकडूनही त्या ते मागून आणतात आणि बदल्यात मेथी देतात.

पुस्तकाची मुद्रितं आली तेव्हा मी ‘भाजीमळा’ सगळीकडून काढला आणि ‘कछवारा’ घातला. संपादकांनी समासात विचारलं, तळटीप देणार का? मी दोन ओळी लिहून पाठवल्या. त्यांनी त्यातली विहीर गाळली. मी ती परत घातली.