चित्राखालचे नाव

छायाचित्रण ही वर्गात शिकवण्याची विद्या आहे, हे मुंबईने फार पूर्वीच ओळखले होते. १८५४ साली तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गातून तयार झालेले हरिचंद्र चिंतामण पुढे मुंबईतील नामांकित व्यावसायिक छायाचित्रकार झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनीही सोसायटीच्या प्रदर्शनात मुंबईच्या लोकांची छायाचित्रे मांडली.

त्या काळी काचेवर रसायनाचा लेप द्यावा लागे आणि तो ओला असतानाच चित्र घ्यावे लागे. समोरच्या माणसाला काही क्षण निश्चल राहावे लागे. त्यामुळे रस्त्यावरची धावती घटना टिपणे अशक्यप्राय होते. रस्त्यावरच्या माणसालाच यंत्रापुढे उभे केले जाई.

या चित्रांचे पुढे काय झाले, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा ग्रंथ आठ खंडांत प्रसिद्ध केला. त्यातील अनेक चित्रांखाली जातीचे वा जमातीचे नाव आहे, माणसाचे नाही. चेहरा राहिला, पण तो कोणाचा हे हरवले. दीडशे वर्षांनंतर त्याच्या नातवंडांनी त्याला ओळखावे तरी कसे?

आज प्रौढांनाही हौसेने छायाचित्रण शिकता येते. पुणे–सोलापूर महामार्गावरील आमच्या वरवंडसारख्या गावी हातातल्या फोनने रस्त्यावरचा क्षण सहज टिपता येतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये संपर्कसाधनांविषयी आदेशपत्र काढले आणि त्यानुसार १९६७ पासून जागतिक संपर्कसाधन दिन पाळला जातो. त्या निमित्ताने धर्मग्रामात असा वर्ग भरवावा, प्रदर्शनही मांडावे. मात्र शिकवण्याचा पहिला धडा भिंग वा प्रकाश हा नसावा. समोरच्या माणसाची अनुमती घ्यावी, त्याचे नाव विचारावे, आणि त्याची हरकत नसेल तर ते चित्राखाली लिहावे, हा तो धडा होय. नकार मिळाल्यास तोही मानावा. प्रदर्शनाचे पहिले निमंत्रण त्यालाच द्यावे.

उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, असे प्रभू येशूने सांगितले आहे. ‘ऊसतोड कामगार’ किंवा ‘भाजीवाली’ एवढेच लिहून आपण थांबलो, तर एकशे सत्तर वर्षांत यंत्र तेवढे सुधारले, असेच म्हणावे लागेल.