‘प्रकृती चांगली आहे’

फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातले ते छायाचित्र आपण बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेले असते. एका बाजूला साडी नेसलेल्या आनंदीबाई जोशी, मधे किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि पलीकडे दमास्कसच्या साबात इस्लाम्बूली. खाली इंग्रजीत तिघींची नावे आहेत आणि प्रत्येक नावाआधी ‘डॉ.’. छायाचित्र १० ऑक्टोबर १८८५चे. त्या दिवशी या तिघींपैकी एकही डॉक्टर नव्हती. आनंदीबाईंना पदवी मिळाली ती ११ मार्च १८८६ रोजी, ओकामींना १८८९ मध्ये आणि इस्लाम्बूलींना १८९० मध्ये. म्हणजे खालच्या ओळी मागाहून, तिघींचे काय झाले हे ठाऊक असलेल्या कुणीतरी घातल्या. आनंदीबाईंच्या नावापुढचे गावही ना कल्याण, ना पुणे. तिथे आहे सेरामपूर, तेही चुकीच्या स्पेलिंगने.

आनंदीबाईंबद्दल आपल्याकडे जे सांगितले जाते त्यातले पुष्कळसे असेच मागाहून घातलेले आहे. श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी घरोघरी वाचली गेली, २०१९ मध्ये चित्रपट आला, आणि मनात एक चित्र पक्के बसले : हट्टी नवरा, भेदरलेली बायको, दहा दिवसांत गेलेले बाळ आणि त्या दुःखातून घेतलेला डॉक्टर होण्याचा ध्यास. हे खोटे आहे असे नाही. पण शेवट माहीत नसताना, त्या त्या दिवशी लिहिलेले कागद पुढे ठेवले की माणूस जरा वेगळे दिसू लागते.

सुरुवातीचा कागद आनंदीबाईंचा नाहीच. १८७८ साली कोल्हापुरात पोस्टात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशींनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. बायकोला अमेरिकेत शिकवायचे आहे, आपल्यालाही तिकडे काही काम मिळेल का, अशी विचारणा होती. प्रिन्स्टनच्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ या नियतकालिकाने जानेवारी १८७९च्या अंकात ते छापले आणि सोबत संपादक वाइल्डर यांचे उत्तरही. आधी ख्रिस्ती व्हा, मग पाहू, असा त्याचा सूर. आनंदीबाई तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या. या पत्रव्यवहारात त्यांचा आवाज कुठेच नाही. प्रकरण तिथेच मिटायचे. पण १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपला नंबर यायची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे पडलेला जुना अंक त्यांनी चाळला आणि घरी जाऊन थेट हिंदुस्थानात पत्र धाडले. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

मधली पत्रे सोडून २४ फेब्रुवारी १८८३ वर येऊ. गोपाळरावांची बदली तोवर बंगालात झाली होती. त्या दिवशी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये बोस्टनहून काढलेल्या चरित्रात ते दिलेले आहे. डॉलबाई सुधारक पंथाच्या, नायिकेवर लोभ असलेल्या. तेव्हा त्यांची विशेषणे थोडी बाजूला ठेवून वाचावे लागते, पण हे भाषण जपल्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. लोक आपल्याला जे सहा प्रश्न सतत विचारतात तेच आनंदीबाईंनी एकेक करून घेतले आहेत. अमेरिकेला का? इथे शिकायची सोय नाही का? एकटी का? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचे काय? काही संकट ओढवले तर? आणि कुठल्याही बाईने केले नाही ते तूच का करावेस?

उत्तरे वकिली थाटाची आहेत. मद्रासला कॉलेज आहे, इतरत्र सुइणीच्या कामाचे वर्ग आहेत, पण ते शिक्षण अपुरे, हे पहिल्यांदा सांगून टाकलेले. मग मुंबईत शाळेत जातानाचा अनुभव येतो. हातात पुस्तके आणि पायांत बूट-मोजे घातलेली बाई पाहून लोक खिडक्यांतून डोकावत, गाड्या थांबवत, मोठ्याने हसत. एकटी का, याचे उत्तर घरगुती : पैसा पुरत नाही आणि नवऱ्याच्या पगारावर घरची माणसे अवलंबून आहेत. वाळीत टाकण्याच्या प्रश्नाला मात्र दोन टोकांची उत्तरे नाहीत. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणून परत येईन. वाइल्डरसाहेबांना चार वर्षांनी मिळालेले उत्तर म्हणूनही हे वाचता येते. त्या सभागृहात मिशनरीही होते आणि बाबू लोकही. एकाच वाक्यात दोघांची तोंडे बंद.

या सगळ्या भाषणात बाळाचा उल्लेख नाही. ते दुःख नव्हते असे यावरून म्हणता येणार नाही. एवढेच म्हणता येते की लोकांपुढे आपली बाजू मांडताना त्यांनी ते वापरले नाही. हिंदुस्थानला हिंदू बायका डॉक्टर हव्यात, हा त्यांचा मुद्दा होता आणि त्या त्यावरच राहिल्या.

७ एप्रिलला कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ बोट सुटली. सोबतीला मिशनरी बायका होत्या. ४ जूनला न्यूयॉर्क आले.

आणि मग २८ जून १८८३ चे पत्र. कार्पेंटरबाईंच्या घरून, फिलाडेल्फियाच्या त्या कॉलेजच्या कार्यकारी समितीचे चिटणीस आल्फ्रेड जोन्स यांना. माझ्या मते आनंदीबाईंच्या सगळ्या कागदांत हा सर्वांत मोलाचा. खरे तर हा प्रवेशासाठीचा अर्ज आहे, आणि अर्जदाराला आपली कमजोर बाजू पक्की ठाऊक आहे. कॉलेजच्या सगळ्या अटी मी पुऱ्या करते असे त्या म्हणत नाहीत. माझे प्रकरण अपवादात्मक आणि वेगळे आहे, ते ध्यानात घेऊन कृपादृष्टी ठेवावी, असे म्हणतात. पुढच्याच ओळीत : माझी प्रकृती चांगली आहे, आणि ती प्रकृती अन् जिवलगांचा, जातीचा एकजुटीचा विरोध मोडून मला इथवर आणणारा निश्चय, एवढ्या भांडवलावर मी काम तडीला नेईन. काम कोणते? पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना खरी वैद्यकीय मदत पोहोचवण्याचे. मजकुरावरून कार्पेंटरबाईंची नजर फिरली असेल असे धरले, तरी युक्तिवाद सेरामपूरचाच आहे. तो रोझेलला येऊन शिकलेला नाही.

अडते ते ‘प्रकृती चांगली आहे’ पाशी. कारण निघण्यापूर्वीच्या पत्रव्यवहारात सततची डोकेदुखी, ताप, अशक्तपणा, धाप लागणे या तक्रारी आहेत. कार्पेंटरबाईंनी त्यासाठी अमेरिकेहून औषधेही पाठवली होती. म्हणजे हे वाक्य खरे नव्हते. याला थाप म्हणायचे का? अठरा वर्षांची मुलगी अठ्ठावन्न दिवसांचा प्रवास करून आली आहे, परत पाठवले तर तोंड दाखवायला जागा नाही, आणि समोर परक्या देशातली समिती आहे. तिथे कुणी आजाराचा पाढा वाचत नाही. त्यांच्या जिद्दीचा याहून बोलका पुरावा मला तरी सापडत नाही.

डीन रेचेल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला, तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही मिळाली.

मग गोपाळरावांचे काय? त्यांच्या वाट्याचे श्रेय काढून घेण्याचा माझा इरादा नाही. पण त्याचा हिशेब खुद्द आनंदीबाईंनी अमेरिकेहून त्यांनाच लिहिलेल्या पत्रात मांडला आहे. तुमचे वागणे चांगले की वाईट हे ठरवणे कठीण, मला विचाराल तर दोन्ही, असे त्या लिहितात. हेतू पाहता बरोबर. पण मुलाच्या मनावर होणारा परिणाम पाहता चूक. नवव्या वर्षी फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, दहाव्या वर्षी लाकडाच्या ढलप्यांनी खाल्लेला मार, सोडून जाण्याच्या धमक्या, सगळे वयानिशी नोंदवलेले. रडगाणे नाही, शिव्याशाप नाहीत. रोग्याचा पूर्वेतिहास घ्यावा तसे लिहिले आहे. हे लिहिणारी बाई नवऱ्याच्या हट्टापायी अभ्यासाला बसलेली असेल, हे पटत नाही. हट्ट त्यांचा असेल, पण शिक्षण एव्हाना पुरते तिचे झाले होते.

पदवीच्या प्रबंधाचा विषय ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’. पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रीविभागासाठी नेमणूक देऊ केली. १८८६च्या अखेरीस आनंदीबाई परतल्या त्या क्षयाने खंगलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस पुरी व्हायच्या आतच, पुण्यात वारल्या. कोल्हापूरच्या जागेवर त्या कधीच रुजू झाल्या नाहीत. गोपाळरावांनी रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पुकीप्सी गावी, त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत तिची जागा झाली.

जोन्स यांना लिहिलेले ते पत्र आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे आणि त्याची प्रतिमा घरबसल्या पाहता येते. कादंबरी वाचून, चित्रपट पाहून झाला असेल, तर आता तेही एकदा वाचा.