बुद्ध विहारात पहिल्यांदा जायचंय? शनिवार पेठेतून देहूरोड, स्वारगेट, मरकळ : सगळी माहिती

पुणे (शनिवार पेठ) : तालुक्यातला माणूस पुण्याला येतो तो कामानं. कोर्टाची तारीख, दवाखाना, नाहीतर पोराची अ‍ॅडमिशन. काम दुपारी उरकतं आणि गावाकडची गाडी संध्याकाळी असते. मधल्या वेळात शनिवारवाडा बघून होतो, पुढं काय करायचं हा प्रश्न असतो. "बुद्ध विहारात कुणीही जाऊ शकतं का? ध्यान शिकायला पैसे लागतात का?" असं बऱ्याच वाचकांनी विचारलं. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

आधी फरक समजून घ्या

विहार आणि विपश्यना केंद्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विहारात कधीही जाता येतं, वंदना करून पाच-दहा मिनिटं शांत बसून परत येता येतं. विपश्यना केंद्र हे शिबिराचं ठिकाण आहे. तिथं नाव नोंदवून दहा दिवस राहावं लागतं. सहज बघायला म्हणून गेलात तर ध्यानाच्या हॉलमध्ये सोडत नाहीत. आधी फोन करून विचारून जावं.

देहूरोडचं विहार

पुण्याजवळ पहिल्यांदा जायचं तर देहूरोडला जावं. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथं बुद्धमूर्तीची स्थापना केली. मूर्ती ब्रह्मदेशातल्या रंगूनहून आणलेली. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची, म्हणजे देहूरोड त्याच्या जवळपास दोन वर्षं आधीचं. म्हणूनच लोक या जागेला धम्मभूमी म्हणतात. दर २५ डिसेंबरला इथं मोठी गर्दी असते. निवांत बसायचं असेल तर तो दिवस सोडून जा.

कसं जायचं : शनिवारवाड्याजवळ कसबा पेठ मेट्रो स्टेशन आहे. तिथून पिंपरीकडची मेट्रो धरून शिवाजीनगरला उतरा. शिवाजीनगर रेल्वे स्टेशनवरून लोणावळा लोकल थेट देहूरोडला जाते. दुपारच्या वेळेत लोकल कमी असतात, टाइम बघूनच निघा. आणि एक लक्षात ठेवा, तुकोबारायांचं देहू गाव वेगळं आणि देहूरोड वेगळं. रिक्षावाल्याला नीट सांगा.

आत गेल्यावर काय करायचं?

- चप्पल बाहेर काढा, मोबाईल सायलेंटवर टाका.
- समोर बुद्धमूर्ती आणि बहुतेक ठिकाणी बाबासाहेबांचा फोटो असतो. हात जोडून नमस्कार केला तरी पुरे. गुडघे टेकून तीन वेळा वंदन करायची पद्धत आहे, पण सक्ती नाही.
- नारळ, प्रसाद, नवस असं काही नसतं. फूल, मेणबत्ती, अगरबत्ती चालते. नसेल तरी कुणी काही म्हणत नाही.
- वंदना चालू असेल तर मागं शांत बसा. त्रिशरण आणि पंचशील पाली भाषेत म्हणतात. पंचशील म्हणजे पाच नियम : जीव मारायचा नाही, चोरी करायची नाही, व्यभिचार करायचा नाही, खोटं बोलायचं नाही, दारू-नशा करायची नाही.
- भिक्खूंना 'भन्ते' म्हणतात. त्यांना जेवण द्यायचं असेल तर दुपारी बाराच्या आत द्यावं, त्यानंतर ते जेवत नाहीत.
- फोटो काढायचा तर आधी विचारा. दानपेटी असते, पण दान आपल्या मनावर आहे.

ध्यान शिकायचं असेल तर

सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात येऊन विपश्यना शिकवायला सुरुवात केली. इगतपुरीचं धम्मगिरी हे त्यांचं मुख्य केंद्र. पुणे शहरात स्वारगेटला नेहरू स्टेडियमसमोर दादावाडीत 'धम्मपुण्ण' केंद्र आहे. कसबा पेठहून मेट्रोनं स्वारगेट दुसरं स्टेशन. आळंदीच्या पुढं मरकळला 'धम्मानंद' केंद्र आहे. इथं पूजा-आरती नाही, धर्म बदलायचा प्रश्न नाही. हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन सगळे येतात.

दहा दिवसांचं शिबिर असं असतं : पहाटे चारला घंटा, साडेचारपासून ध्यान. साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण. संध्याकाळी पाचला नवीन माणसाला चहा आणि फळं, रात्रीचं जेवण नाही. सातला प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. मोबाईल पहिल्या दिवशी जमा होतो. दहाव्या दिवशी सकाळपर्यंत मौन, म्हणजे शेजाऱ्याशी खाणाखुणासुद्धा नाहीत. पहिले तीन दिवस फक्त श्वासावर लक्ष ठेवायचं, चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते. अकराव्या दिवशी सकाळी सुट्टी.

राहणं, जेवण, शिकवणं, कशाचीच फी नाही. शिबिर पूर्ण केल्यावर इच्छा असेल तर दान द्यायचं. त्यामुळं मधल्या कुणी नोंदणीचे पैसे मागितले तर देऊ नका. अर्ज 'धम्म डॉट ऑर्ग' या वेबसाइटवर भरता येतो.

शेतकऱ्यानं कधी जावं?

मी स्वतः एक शिबिर केलंय. तिसऱ्या दिवशी गुडघे बोलायला लागले आणि डोक्यात एकच विचार, मोटार कुणी चालू केली असेल का. त्यामुळं अनुभवानं सांगतो, पेरणी किंवा काढणीच्या तोंडावर जाऊ नका. गहू-हरभरा घरात आला की वेळ बरी. गोठ्यात दूध काढायला, पाणी द्यायला माणूस ठरवून मगच निघा. शुगर-बीपीची गोळी चालू असेल तर अर्जात लिहा. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना हे शिबिर योग्य नाही, तसं केंद्रवालेही सांगतात. कर्जानं, भावानं खचून मनात जिवाचं काही बरंवाईट येत असेल तर शिबिराची तारीख बघत बसू नका. आधी डॉक्टर गाठा, नाहीतर सरकारच्या टेलिमानस १४४१६ या नंबरला लावा. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आपण विहारात आधीच जाऊन आलोय

अष्टविनायक केलेल्यांनी एक आठवून बघा. जुन्नरजवळ लेण्याद्रीचा गिरिजात्मज ज्या लेण्यात आहे, ते मुळात बौद्ध भिक्खूंचं विहार. आजूबाजूच्या खोल्या भिक्खूंच्या राहण्याच्या. लोणावळा लोकलनंच मळवलीला उतरलं की भाजे आणि कार्ले लेणी येतात. भाज्याची लेणी इसवी सनाच्या आधी दोनशे वर्षांच्या आसपासची, कार्ल्याचं चैत्यगृह तर देशातलं सगळ्यात मोठं. एकवीरा आईच्या दर्शनाला जाणारा प्रत्येक जण त्याच्या शेजारूनच जातो.

मग आपल्याच गावातल्या विहारात पाय का अडखळतो? बऱ्याच गावांत विहार वस्तीत असतं आणि वस्तीबाहेरचा माणूस जन्मात आत गेलेला नसतो. मी पण चाळिशीपर्यंत गेलो नव्हतो. रोज डेअरीला जाताना त्याच्यावरूनच रस्ता. एका बुद्ध पौर्णिमेला गेलो. कुणी काही विचारलं नाही, फक्त सतरंजीवर सरकून जागा केली.

आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. या तीन महिन्यांत अनेक विहारांत संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचं वाचन होतं. देहूरोडला जेव्हा जमेल तेव्हा जा. तोवर आपल्या गावातल्या विहारात वाचन किती वाजता असतं एवढं विचारून ठेवा, आणि एक दिवस जाऊन बसा.