विमान वर गेलं, जिजाई खाली राहिली

आजच्या भागात आपण सिनेमातल्या एका मरणाबद्दल बोलणार आहोत. खरं म्हणजे त्याला मरण म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. तुकोबा वैकुंठाला गेले असंच आपण म्हणतो. तो प्रसंग १९३६ साली पडद्यावर आला आणि लोक तो बघून हात जोडायला लागले, रडायला लागले. ते का रडले आणि कुणासाठी रडले, हे आपण समजून घेऊ.

आधी थोडं मागे जाऊ. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट काढला. हरिश्चंद्राची गोष्ट आपल्याला आजीकडून ठाऊक असते. राज्य गेलं, बायको-मुलगा विकावे लागले, रोहिदासाला साप चावला आणि तारामती पोराला घेऊन मसणवाटेत आली. शेवटी देव प्रकट होतो आणि सगळं परत मिळतं. त्या काळी सिनेमात काम करायला बाई मिळेना. म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडं नेसवून तारामती केलं. म्हणजे पडद्यावरच्या आईचं दुःखसुद्धा पुरुषानंच दाखवायचं! पुढे १९३२ साली प्रभात कंपनीनं हीच गोष्ट ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात आणली. तेव्हा तारामती झाल्या दुर्गा खोटे. चांगल्या घरातल्या मुलीनं सिनेमात जावं का, यावर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. पण आता पडद्यावरच्या आईला बाईचा चेहरा आणि बाईचा आवाज मिळाला होता.

याच प्रभात कंपनीनं ‘संत तुकाराम’ काढला. कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि नंतर पुण्याला आली. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल या दोघांनी मिळून सिनेमाचं दिग्दर्शन केलं. एक हिंदू, एक मुसलमान. दोघं जिवाभावाचे मित्र आणि दोघंही मुळात चित्रकलेतले, नेपथ्यातले. तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस. ते मूळचे नाटकात बायकांची कामं करणारे आणि भजन गाणारे. जिजाईचं, म्हणजे आवलीचं काम गौरी नावाच्या नटीनं केलं. ती कुठल्या नामांकित घरातली नव्हती. आधी गर्दीतली, किरकोळ कामं करत ती इथपर्यंत आली होती.

मुंबईच्या सेंट्रल थिएटरात हा सिनेमा वर्षाहून जास्त काळ चालला. १९३७ साली इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पण खरा गौरव आपल्याकडच्या माणसांनी केला. लोक थिएटरात पायातलं काढून बसायचे. पागनीस दिसले की त्यांच्या पाया पडायचे. यात्रा-जत्रांत तंबूतला सिनेमा येई, तेव्हा गावोगावच्या बायाबापड्यांनी तो तिथे पाहिला. आजही कितीतरी घरांत भिंतीवर तुकोबांचं जे चित्र असतं, त्यात पागनीसांच्या चेहऱ्याची छाया दिसते. इतकंच काय, ‘आधी बीज एकले’ हे गाणं कित्येकजण तुकोबांचा अभंग समजून म्हणतात. ते या सिनेमासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेलं आहे.

आता शेवटचा प्रसंग. तुकोबांना न्यायला गरुडाचं विमान येतं. तुकोबा जिजाईला म्हणतात, तूही चल. ती नाही म्हणते. पोरं आहेत, त्यांचं कोण बघणार? तुकोबा विमानातून निघून जातात आणि जिजाई जमिनीवर राहते. विमान पुठ्ठ्या-लाकडाचं आहे, कॅमेऱ्याची करामत आहे, हे तेव्हाच्या लोकांना कळत नव्हतं असं समजू नका. जत्रेतली सोंगं बघून मोठी झालेली माणसं ती. सोंग आहे हे ठाऊक असूनही हात जोडले जातात, कारण आपण सोंगाला नाही, सोंगामागच्या माणसाला हात जोडतो. शिवाय ज्याचं जवळचं कुणी गेलंय, त्याला ते माणूस वर, उजेडात जाताना बघायला मिळतं. तेवढ्यानंही मनाला आधार मिळतो.

आमच्या ग्रामसंघात आम्ही हा सिनेमा प्रोजेक्टरवर दाखवला, तेव्हा एक वेगळी गोष्ट आमच्या लक्षात आली. विमान वर जाताना म्हाताऱ्या माणसांचे डोळे विमानावर होते. बऱ्याच बायकांचे डोळे जिजाईवर होते. आमच्यातल्या एका ताईचा नवरा कर्जापायी गेला. ती डोळे पुसत म्हणाली, “त्याला न्यायला विमान आलं. हिच्या घरी दुसऱ्या दिवशी दाणे कोणी आणून टाकले?” आम्ही सगळ्या गप्प झालो.

ताईच्या या प्रश्नाला इतिहासात थोडं उत्तर सापडतं. १६३० च्या आसपास मोठा दुष्काळ पडला. त्यात तुकोबांची पहिली बायको रखमाबाई अन्नाविना गेली, लहानगा संतूही गेला. जिजाई ही दुसरी बायको, पुण्याच्या खात्यापित्या घरातली. दुष्काळानं मोडलेला संसार तिनं ओढला. तिचा राग, तिची बोलणी तुकोबांच्या अभंगांतूनच आपल्यापर्यंत आली आहेत. लोकांनी तिला कजाग ठरवलं. पण सिनेमातली जिजाई नीट बघा. ती विठोबाला शिव्या घालते, आजारी पोराला घेऊन देवळात जाऊन देवालाच जाब विचारते आणि तीच उन्हातान्हात डोंगर चढून नवऱ्यासाठी भाकरी नेते. गौरीनं ती इतकी खरी केली, की बायकांना ती आपल्याच गल्लीतली वाटली.

तुकोबा गेले ते १६५० साली, फाल्गुन वद्य बीजेला. ते कसे गेले यावर अभ्यासकांचे वाद आहेत, त्यात आज शिरायला नको. मागे राहिलेल्यांचं दुःख मात्र गाथ्यातच आहे. धाकटे भाऊ कान्होबा यांचे वियोगाचे अभंग आहेत. त्यांत ते देवाशी भांडतात, माझा भाऊ परत दे म्हणतात. भाऊ वैकुंठाला गेला यावर त्यांचा विश्वास होता, तरी ते रडले. श्रद्धा असली की रडू येत नाही, असं कुणी म्हणालं तर कान्होबांचं नाव सांगा.

आणि जिजाई? तुकोबा गेले तेव्हा ती पोटुशी होती. मागाहून मुलगा झाला, तो नारायण. बापाचं तोंड न पाहिलेला हाच मुलगा मोठेपणी नारायण महाराज म्हणून ओळखला गेला. १६८५ साली त्यांनी देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरीच्या वाटेनं नेल्या. आज लाखो माणसं त्या पालखीसोबत चालतात. दरवर्षी बीजेला देहूत नांदुरकीच्या झाडाखाली दुपारी बाराला फुलं उधळली जातात, तेव्हा सगळ्यांच्या नजरा वर असतात. ते योग्यच आहे. पण जिजाई विमानात बसली असती, तर त्या पोराला कोणी वाढवलं असतं आणि पालखी कोणी काढली असती?

मैत्रिणींनो, आपल्याकडे नवरा गेलेल्या बाईला पहिलं काय विचारतात? कार्य कधी, कुंकवाचं काय, कोण काय नेसलं. घरात दाणे आहेत का, सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं का, पोरांच्या फीचं काय, हे कोणी लवकर विचारत नाही. आपल्या गटांनी ते विचारावं. तेरावं होण्याची वाट बघू नये. दोघीजणींनी घरी जावं, वारसनोंदीचा अर्ज भरायला तलाठ्याकडे सोबत करावी, त्या महिन्याचा हप्ता कसा भागवायचा ते बैठकीत ठरवावं. आणि तिला रडू द्यावं.

पुढच्या बैठकीत एवढंच करा. आपल्या गावात गेल्या वर्षभरात अशा किती जिजाई मागे राहिल्या, त्यांची यादी करा आणि कुणाच्या घरी कोण जाणार ते ठरवून उठा. राम कृष्ण हरी.