तोनोमिनेचा तेरा मजली पॅगोडा

जपानच्या नारा प्रांतात, साकुराई नगराजवळील तोनोमिने डोंगरावर तानझान हे शिंतो देवस्थान आहे. फुजिवारा नो कामातारी (इ. स. ६१४-६६९) हा येथील आराध्यपुरुष. आवारात आम्हांस प्रथम दिसला तो मात्र तेरा मजल्यांचा लाकडी पॅगोडा, म्हणजे स्तूपाचेच पौर्वात्य रूप. परंपरेनुसार कामातारीचा पुत्र भिक्खू जोए याने तो पित्याच्या स्मरणार्थ ६७८ मध्ये उभारला. आजची वास्तू १५३२ ची आहे.

देवस्थानात पॅगोडा कसा? कारण हा मूळचा म्योराकुजी विहार होय. १८६८ मध्ये मेइजी शासनाने देव व बुद्ध यांची फारकत करणारे आदेश काढले. येथील भिक्खूंना चीवर त्यागून गृहस्थ व्हावे लागले आणि विहाराचे देवस्थान झाले.

दर ऑक्टोबरात येथे काकित्सु उत्सव भरतो. नव्या तांदळाचे दाणे रंगवून त्यांचे नक्षीदार मनोरे रचतात आणि फळांसह कामातारीस अर्पण करतात. १४४१ मध्ये त्याची मूर्ती तोनोमिनेस परतली, त्या घटनेशी हा विधी जोडला जातो. म्हणजे शिंतो म्हणून आज पाहिला जाणारा हा सुगीचा विधी विहाराच्याच काळातील ठरतो. स्थळाचे नाव आदेशाने बदलले. त्याचा इतिहास जाणण्यासाठी वास्तू आणि विधी यांचीच साक्ष घ्यावी लागते.